दुसऱ्याच्या झाडाला पाणी

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या बाजारात वांगी निवडत होते. वांगी तशीच टाकून निघाले आणि रस्ताभर रडले... आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायला बसले की मात्र हसूच येतं, कारण हट्टाला पेटली की ही बाई जिंकूनच उठायची.

बोरगावात तिची अंगणवाडी आणि माझी शाळा एकाच आवारात. अंगणवाडीमागे तिने टमाटर लावले होते. प्रत्येक पोराच्या नावाचं एक रोप, पण सांभाळायचं मात्र दुसऱ्याचं. परीचं रोप गौरीकडे, गौरीचं परीकडे. "आपलं तं कोनीबी सांभाळते," ती म्हणायची. मी तिची यथेच्छ थट्टा करायचे.

परी चावायची. राग आला की शब्द सापडायच्या आत दात लागायचे. बाकी पोरांच्या आया वैतागल्या. हिला काढा, नाहीतर आम्ही आमची पोरं काढतो, असं गौरीच्या आईने बजावलं. त्याच आठवड्यात सगळ्या रोपांनी माना टाकल्या. आळ अर्थातच परीवर आला आणि आया जमल्या. कुंदाताई कोणालाच रागावली नाही. पोरांना वाफ्याभोवती बसवून तिने एकेकाला विचारलं, झाडाला कसं वाटत असेल? तहान लागली, रडून राहिलं, अशी उत्तरं येत गेली आणि गौरीला हुंदका फुटला.

"मीच सांगतलं सगळ्यायले, पानी नोका देऊ. बाबा संत्र्याले ताण देऊन राहिले ना, मंग फुलं येतात."

संत्र्याच्या मुलखातली पोरं ती! बहार धरायला बापाने बागेचं पाणी तोडलेलं पाहिलं आणि तोच कायदा टमाटरला लावला. आम्ही मोठी माणसं हसलो. परी हसली नाही. ती उठली तशी गौरीच्या आईने लेकीला मागे ओढलं. परीने पाण्याचा मग आणून गौरीच्या हातात दिला.

"रडू नोको. तू माह्याले दे, मी तुह्याले देते."

परी अंगणवाडीत राहिली. रोपंही बहुतेक वाचली. त्या टमाटरची चटणी कुंदाताईने मला मुद्दाम दोनदा वाढली.

त्या दिवशी तिला शेवटचा निरोप देऊन आवारात आले, तर अंगणवाडीला कुलूप होतं. मागे गौरीची आई टमाटरच्या वाफ्याला पाणी घालत होती, सोबत गौरी आणि परी. परीची आई कापूस वेचायला गेली की पोरगी हल्ली हिच्याच घरी जेवते, असं कळलं. जिंकलीस गं कुंदाताई, मी मोठ्याने म्हणाले.