मेरेचे नऊ धोंडे

तीन वर्षांत गणपतीची चवथ सोडून ज्या भावाने कधी साधा फोन केला नाही, तो एका सकाळी मये गावात माझ्या दारात उभा राहिला. हातात गरम उंड्यांची, गोल पावांची, पिशवी. म्हणतो कसा, "बाय, दोन दीस रानात जावया. तंबूत रवया."

तंबूत! मी साठीला आलेली बाई, तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याचे गुडघे गेलेले, माझे जायच्या वाटेवर. उंडे मी ठेवून घेतले आणि मनात म्हटले, ह्याला माझी सही पाहिजे.

माहेरची आमची जमीन पेडण्यात, मोपाच्या उंच सड्याखाली, नदीपलीकडच्या खोऱ्यात आहे. थोडे माड, थोड्या पोफळी, बाकी सगळे रान. पूर्वी तिला कोणी कुत्रे विचारत नव्हते. विमानतळ झाला आणि जमिनी घेणाऱ्यांच्या पांढऱ्या मोठ्या गाड्या सड्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. गोव्यात बहिणीच्या सहीशिवाय भावाला वडिलांची जमीन विकता येत नाही, त्यामुळे पेडण्यातले कितीतरी भाऊ अलीकडे अचानक प्रेमळ झाले आहेत. माझाही झाला असणार, दुसरे काय?

पण घरी बसून कळणार कसे? मी येते म्हटले. कपडे भरले, औषधे भरली आणि वाचायचा चष्मा मुद्दाम कपाटात ठेवला. चष्मा नाही तर वाचणे नाही, वाचणे नाही तर सही नाही. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

जानेवारी होता, नदीला गुडघाभर पाणी. तंबू त्याने शेजाऱ्याकडून मागून आणला होता. तो शेजारी पर्यटकांना रानात फिरवतो. नदी ओलांडायच्या उताराजवळ दादा थांबला. रानाच्या राखणदार देवाच्या झाडाखाली त्याने रोट ठेवला, विडी ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले. त्यात माझे नाव घेतले. आजवर आमच्या गाऱ्हाण्यात लग्न झालेल्या मुलीचे नाव कोणी घेतले नव्हते. झाले, मी कान टवकारले. पाणी कुठेतरी मुरतेच आहे!

नदी ओलांडल्यावर तो एका किंदळीच्या मुळाशी वाकला, पाला बाजूला केला. खाली शेवाळलेला चिऱ्याचा धोंडा. "वाणो काड. हात ठेव आणि मोठ्यान सांग, खय असा तो."

आमच्या जमिनीच्या मेरेवर, म्हणजे हद्दीवर, असे नऊ धोंडे आहेत. मुलगा बारा वर्षांचा झाला की बाप त्याला दोन दिवस खोऱ्यात नेई, प्रत्येक धोंड्यावर हात ठेवायला लावी, जागा तोंडाने म्हणून घेई. कागदावर कोणी काही लिहीत नसे. दादाची पाळी आली तेव्हा मीही वहाणा घालून पायरीवर बसले होते. बाबा म्हणाले, "तू दुसऱ्याच्या घरची. तुका धोंडे कित्याक?" मी दिवसभर रडले. खोटे कशाला बोलू, तो राग माझ्या पोटात तसाच आहे.

आणि आता, एवढी वर्षे गेल्यावर, मला धोंडे दाखवतोय? उगाच? चपला काढल्या, हात ठेवला, "किंदळीच्या मुळात, उताराच्या उजव्या हाताक," असे पोपटासारखे बोलले. डोळे मात्र त्याच्या खांद्यावरच्या खाकी पिशवीवर होते. चढणीवर जीव वर आला तरी तो ती पिशवी उतरवीना. डावा खांदा दुखला की उजव्यावर घेई. मी देते म्हटले तर, "नको, नको." तिचे एक बक्कल तुटले होते, तिथे सुतळी बांधली होती. मला आजही ती गाठ दिसते.

दुसरा, तिसरा, चौथा. तो धापा टाकत सांगत होता, मी मागून म्हणत होते. खडकाळ उतरणीवर तो बराच वेळ बसला, तेव्हा मला वाटले, हा भाग बाय तुझा, असे म्हणणार बघ आता. डोक्यावरून विमान गेले. ते डोंगराआड होईपर्यंत तो वर बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. पाचवा धोंडा झाला आणि तो म्हणाला, उरलेले चार उद्या.

बाबांची खोप होती त्या सपाटीवर आम्ही तंबू ठोकला, म्हणजे त्याने ठोकला आणि मी चुका काढल्या. मी तीन दगड मांडून पेज शिजत ठेवली. ऊन कलले तसा तो नदीवर आंघोळीला गेला. पिशवी फांदीला लटकत होती.

उघडली! लाज वाटली का? त्या वेळी नाही. आत गुळाचा खडा, पाने, गुडघ्याला लावायचे तेल. तळाशी प्लास्टिकच्या पाकिटात जमिनीचा नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा. त्याखाली एक टाइप केलेला कागद, शेवटी दादाची सही आणि शेजारी मोकळी जागा. माझ्यासाठीच ठेवलेली! कागद हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला. सगळ्या मुंग्या. एक अक्षर लागेल तर शपथ.

तो परत आला तेव्हा कागद माझ्या हातातच होता.

"कोणाक विकलंस?" मी ओरडले. "दिल्लीवाल्याक? दोन उंड्यांत माका गुंडाळूक आयलंस?"

तो पंचा पिळत उभा राहिला. "वाच."

"चष्मा नाय."

"कित्या?"

मी खरे ते सांगितले. तो हसला, मग खाली बसला. कागद त्यानेच वाचून दाखवला. सरकारी नकाशात आमची नदीकाठची पट्टी, पोफळींसकट, शेजारच्या जमिनीत गेली होती आणि ती शेजारची जमीन बाहेरच्यांनी घेतली होती. नकाशा दुरुस्त करा, असा तो अर्ज होता, आम्हा दोघांच्या नावाने. अर्ज दिला की पुढच्या महिन्यात मोजणीवाले येणार होते. घरच्या कोणीतरी त्यांच्यापुढे चालून धोंडे दाखवायचे, नाहीतर पट्टी गेली.

"मग तू दाखव की."

"मी नसतलंय, बाय."

त्याचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला आहे, हे मला ठाऊक होते. आता तो आईबापांना कायमचे घेऊन जात होता. बारा दिवसांनी विमान. मुलगा धोंड्यांसाठी येणार नव्हता, त्याने एक धोंडा कधी बघितला नव्हता.

"म्हणान तुका हाडलंय," दादा म्हणाला. "आता सांग, आजचे पाच खय?"

पहिला मी सांगितला. दुसऱ्याला तोंड उघडले आणि मला ती सुतळीची गाठ आठवली. तिसऱ्याला पण तीच. दिवसभर मी त्याच्या पावलावर पाऊल टाकून चालले होते आणि मला काही म्हणता काही आठवेना.

"तू पिशवी बघी होतंस," तो म्हणाला, "आणि मी तुका बघी होतंय. वाटला, आता तरी बघशीत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. मला रडू फुटले.

सकाळी त्याने सुजलेल्या गुडघ्याला पंचा बांधला आणि परत नदीकडे उतरला, पहिल्या धोंड्यापासून. या वेळी मी पुढे. चुकले की तो थांबवी, परत म्हणायला लावी. सहाव्यापाशी त्याचा गुडघा वळेचना. सातवा आणि आठवा त्याने खडकावर बसून तोंडाने सांगितले. मी एकटी जाई, हात ठेवून ओरडे, "भेरल्या माडाच्या फाटल्यान!" आणि खालून त्याची हाक येई, "तोच!"

नववा सगळ्यात लांब, पट्टीच्या टोकाला. तो सापडला तर पट्टी आमची. झुडपात मला एकाजवळ एक दोन चिरे दिसले. मी मोठा धरला, ओरडले. नदीचा आवाज फार होता, हाक आली नाही. परत येऊन सांगू लागले, तर माझे बोलणे पुरे व्हायच्या आत त्याने मान हलवली. "तोच, तोच. चल आता." तो घामाने थबथबला होता, ओठ पांढरे पडले होते. मी दुसऱ्या चिऱ्याचे सांगितलेच नाही.

मी अर्जावर सही केली आणि तो इंग्लंडला गेला. फोनवर हवेचे बोलतो, नातवाचे बोलतो. विचारायचे माझ्या तोंडावर येते आणि मी गिळते.

मोजणीवाले आले तेव्हा मी पुढे चालले. आठ धोंडे धडाधड दाखवले. नवव्याला मी मोठ्या चिऱ्यावर हात ठेवला. त्यांच्यातला एकजण दुसऱ्या चिऱ्याकडे बघत म्हणाला, "बाई, नक्की हाच?"

"हाच," मी म्हटले. "माझ्या भावाने स्वतः हात धरून दाखवलाय."