भित्रे देवरेभाऊ

देवरेभाऊ कुणाच्या घरात शिरले की आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मोरीतली बादली. आपण "बसा" म्हणावं, तर ते आधीच उकिडवे बसलेले असत, भर दुपारी टॉर्च लावून.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा मी साठीची तरुणी होते. म्हणजे गुडघे शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं खरं वय तेच. विशी उगाच बदनाम आहे.

भाऊ मूळचे कळवणकडचे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली. माणूस इतका भित्रा की लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही, आणि पाल दिसली की चपला सोडून घराबाहेर. पण त्यात लपवाछपवी नव्हती. "मी भित्रा आहे, वहिनी," ते सरळ सांगत. "पण भीतीला नुसतं बसवून जेवू घालत नाही. कामाला लावतो तिला."

त्या वर्षी तर भीती त्यांच्या घरातच येऊन बसली. त्यांची एकुलती एक मुलगी उज्ज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्याच सुमारास मागच्या गल्लीतली एक तरुण सून डेंग्यूने दवाखान्यात गेली. ती परत आली नाही. तिच्या दारापुढची रांगोळी आदल्या दिवसाची होती, ती तशीच राहिली. आम्ही सगळ्या बायका येताजाता त्या रांगोळीकडे बघायचं टाळायचो.

महापालिकेच्या मनीषा सिस्टर घरोघर पाणी तपासत फिरायच्या. लोक त्यांना दारातूनच परतवून लावत. कुणाची पूजा चालू, कुणाचं बाळ झोपलेलं, कुणी नुसतंच "आमच्याकडे नाही हो डास" म्हणून जाळी ओढून घेई. भाऊ एक दिवस त्यांच्याबरोबर निघाले आणि मग रोजच जाऊ लागले. दार उघडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "हा डास लांब उडत नाही. माझ्या पोरीला जो चावेल, तो तुमच्या-आमच्यापैकीच कुणाच्या तरी घरात जन्मलेला असेल." ते आवाज चढवत नसत. पण ऐकणाऱ्याचा हात आपोआप जाळीच्या कडीवर जाई.

माझा हात मात्र कमरेवर होता. माझ्या घरात डास? फरशीत तोंड बघून कुंकू लावावं असं माझं घर, आणि हे मी स्वतःच चारचौघांत सांगत असे. त्यातून दिवाळी तोंडावर आलेली. चकल्या, शंकरपाळे, अनारसे डब्यांत भरून जाळीच्या कपाटात ठेवले होते आणि मुंग्या लागू नयेत म्हणून कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. माझी आई हेच करायची, तिची आईही हेच करायची.

भाऊ वाकले आणि टॉर्च धरली. "वहिनी, या इकडं."

वाटीत बारीक केसाएवढं काहीतरी वळवळत होतं. एक नाही, बरीच.

"मुंग्या नाहीत ना पण?" मी म्हटलं. साठीच्या तरुणीचा हजरजबाबीपणा बघा.

"मुंगी नाय आली," भाऊ म्हणाले. "तुमची चकली वाचली. याला स्वच्छ पाणी लागतं हो. तुमचं घर त्याला आवडणारच."

सिस्टर खाली बघून हसल्या. मी वाट्या अंगणात मातीत ओतल्या, घासून पुसून कोरड्या केल्या आणि त्यात मुंग्यांच्या खडूची रेघ मारून ठेवली. मुंग्यांनी निम्मे अनारसे खाल्ले. पण त्यानंतर घरात काही गुणगुणलं की माझ्या अंगावर काटा यायचा. पायांवर पांढरे पट्टे असलेला तो एवढासा जीव. तो दिवसा चावतो, म्हणून दिवसाचीसुद्धा भीती वाटू लागली. उज्ज्वला त्या उकाड्यात वडिलांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बसायची आणि भाऊ तिच्या मनगटांकडे बघत राहायचे.

आणि एका सकाळी भाऊ फेरीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

सिस्टर एकट्याच माझ्याकडे आल्या. "काकू, देवरेकाकांना काय झालंय? मी बेल वाजवली, तर आतनंच म्हणाले, सगळं ठीक आहे, उद्या या. दार नाही उघडलं. काल पण तसंच."

मी त्यांच्या दाराशी गेले. आतून मीठ-मोहरी जळल्याचा वास येत होता. कुणाची तरी दृष्ट काढली होती. आणि काय झालं असेल ते मला तिथेच कळलं.

"भाऊ, दार उघडा. पाणी तपासायला आलेय."

"आमच्याकडं नाही पाणी."

"मग तहान लागली तर काय पिता? उघडा, नाहीतर इथंच बसते. गुडघे गेले तर तुम्हालाच उचलून न्यावं लागेल, तेही लिफ्टमधून."

कडी निघाली. समोर उभा असलेला माणूस दोन दिवसांत म्हातारा झाला होता. आतल्या खोलीत उज्ज्वला पांघरुणात कुडकुडत होती, डोळे मिटलेले.

"साधा ताप आहे," भाऊ कुजबुजले. "गोळी दिलीय. दृष्ट काढलीय. उतरेल."

"सिस्टरला का नाही आत घेतलं?"

ते भिंतीला टेकले. घाबरले की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "माले भ्याव वाटस, वहिनी. रक्त घेतलं की ती सांगेल. सांगितलं की मग ते खरं होईल."

सगळ्या गल्लीची दारं उघडायला लावणारा माणूस स्वतःच्या दाराला पाठ लावून उभा होता. मी त्यांचा दंड धरला, बाजूला केलं आणि सिस्टरला हाक मारली.

ते खरंच निघालं. उज्ज्वलाला दवाखान्यात हलवलं. रोज रक्त तपासायचं, रोज पेशी आणखी उतरलेल्या. डॉक्टर म्हणत, याच वेळी कळा सुरू झाल्या तर रक्तस्राव आवरणं अवघड जाईल. भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून असत, आत जायचं धाडस होत नसे. मी डबा नेई. भाऊ तो उघडत आणि पुन्हा झाकण लावत. मी शेजारी बसून मनातल्या मनात त्या मागच्या गल्लीतल्या रांगोळीवरून चालत होते.

पेशी चढल्या. ताप गेला. दिवस भरायच्या थोडं आधीच मुलगी झाली, मुठीएवढी, पण आवाज मागच्या गल्लीपर्यंत जाईल असा.

लोकांना वाटलं, आता भाऊंचं फिरणं संपलं. बाळाने जरा अंग धरल्यावर ते पुन्हा सिस्टरबरोबर निघाले. उज्ज्वला बाळाला कोवळं ऊन द्यायला खाली आली होती, तीही हौसेने मागोमाग चालू लागली. पहिलंच दार आमच्या शेजारच्यांचं, मी माझ्या दारात उभी होते. शेजारीण म्हणाली, "सूनबाईला जरा कणकण आहे, नंतर या." आणि दार लोटू लागली.

भाऊंनी त्या दिवशी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही.

"मी पण असंच लोटलं होतं," ते म्हणाले. "पोरगी तापाने फणफणली होती आणि मी सिस्टरला दोनदा परत पाठवलं. पोरीला सांगितलं, सिस्टर आल्याच नाहीत. तुम्ही नका लोटू, ताई."

उज्ज्वलाला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तिच्याकडे बघायला घाबरले. भाऊ तर तिच्याकडे बघतच नव्हते, नेहमीसारखे जमिनीकडे बघत होते.

शेजारणीने दार उघडलं. सिस्टर आत गेल्या. उज्ज्वला जागची हलली नाही. मग तिने बाळाचं टोपडं नीट केलं, बाळ वडिलांच्या हातात दिलं आणि पुढे होऊन समोरच्या दाराची बेल वाजवली.