परत केलेला नंबर

"काका, नंबर फक्त फोनवर मिळतो."

"मी समोर उभा हाय की ताई."

"तरी फोनवरच. सकाळी आठ ते नऊ."

काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहूनच दवाखान्याचा नंबर लावला. माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. साडेदहा वाजले होते, म्हणून मी तो उचलला नाही. रांगेतले दोघं-तिघं हसले. मीही हसले. काका मात्र फोन कानाला लावून, माझ्याकडे बघत, मी उचलायची वाट पाहत होते.

मी जालन्यात एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर काम करते. सतरा वर्षं झाली. हा फोनचा नियम माझाच. त्याआधी लोक पहाटेच येऊन पायरीवर नंबर लावायचे. स्वतः नाही, चपला ठेवून. कुणाची चप्पल, कुणाची पाण्याची बाटली, कुणाची वीट. आठ वाजता शटर उघडलं की कुणाची वीट कुणी सरकवली यावरून भांडणं. एकदा तर दोघांची डोकी फुटायची वेळ आली. मग मी सरांना म्हटलं, नंबर फोनवरच द्यायचे, रोज चाळीस, वही माझ्याकडे. भांडणं बंद झाली. सरांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. तेव्हापासून मी त्या नियमाला देवासारखं धरून होते.

हे काका आष्टीचे, उत्तमराव. शाळेत शिपाई होते, आता रिटायर. पेशंट त्यांची बायको, शांताबाई. त्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन वर्षांपासून आमच्याच गोळ्या चालू होत्या, फॉलोअपला म्हणजे पुन्हा दाखवायला आल्या होत्या.

नियमात एक पळवाट मीच ठेवली होती. इमर्जन्सी असेल तर पेशंट विनानंबर आत जातो. पण इमर्जन्सी आहे असं प्रत्येकच जण म्हणतो, त्यामुळे ते मी ठरवते. मी बसल्या जागेवरून विचारलं, "मावशी, फार त्रास आहे का?"

त्यांनी आधी रांगेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाई ओ. थोडा दम लागतो. लई न्हाई."

आमच्या भागातली बाई चारचौघांत आपलं दुखणं पूर्ण सांगत नाही. आपल्यामुळं लोकांचा खोळंबा नको, नवऱ्याला घोर नको, म्हणून ती दुखणं निम्मं करून सांगते. हे मला माहीत नाही असं नाही. माझी आई तशीच होती. म्हणूनच सरांनी मला एक प्रश्न शिकवून ठेवला होता: रात्री आडवं झोपता येतं का? हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठतं, आडवं पडलं की जीव घुसमटतो, माणूस बसून झोपायला लागतो. त्रास किती आहे असं विचारलं तर लोक लाजतात. झोपेचं विचारलं तर सरळ सांगतात.

तो प्रश्न त्या दिवशी मी विचारला नाही. त्यात अर्धं मिनिट गेलं असतं. मागं रांग होती, आतून सर बेल वाजवत होते, आणि समोर उभं राहून मला फोन लावणाऱ्या माणसाचा मला रागही आला होता. मी म्हटलं, "उद्या आठला फोन करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. मधले सगळे दिवस भरलेले होते, त्यांना तेवीस दिवसांनंतरची तारीख मिळाली, अकरावा नंबर.

त्या तारखेला उत्तमराव एकटेच आले. हातात दवाखान्याची प्लॅस्टिकची फाइल, स्वच्छ पुसलेली. मी वही बघत म्हटलं, "पेशंट कुठंय काका? पेशंटशिवाय नंबर चालत नाही. गोळ्या लिहून घ्यायला आलात का? तसं होत नाही."

"जयभीम ताई. गोळ्या न्हाई पायजेत. नंबर परत करायला आलो."

"म्हणजे?"

"ती गेली. बारा दिवस झाले."

मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. ते सावकाश सांगत गेले. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. मग परतूरला न्यायला जीप केली, पण मावशी रस्त्यातच गेल्या.

"मधी मी लई फोन लावले ताई. तारीख जल्दी मिळती का बघायला. नवाच्या आत बिझी, नवाच्या नंतर कुणी उचलत न्हाई."

"मावशींना रात्री झोप येत होती का?" मी विचारलं. का विचारलं ते मला सांगता येणार नाही.

"आडवी कुठं पडत होती. तुमच्याकडं आल्तो त्याच्या आधीपासून बसूनच झोपत होती. भिंतीला टेकून."

त्यांना रागवायचा पूर्ण हक्क होता. ते रागवले असते तर मला बरं वाटलं असतं.

"एवढ्यासाठी एवढ्या लांबून कशाला आलात काका," मी म्हटलं.

"फोन लागत न्हाई ना. मंग अकराव्या नंबरला तुम्ही नाव पुकारत बसणार. कुणीतरी दुसरं बिनानंबरचं बसलं आसंल. वाया कशाला घालवायचा?"

बाहेर पायरीवर जालन्यातल्याच मस्तगड भागातली एक बाई आईला घेऊन बसली होती. सकाळीच मी तिला परत पाठवलं होतं, ती गेली नव्हती. मी तिला अकरावा नंबर दिला. उत्तमराव उठून त्या म्हाताऱ्या बाईजवळ गेले. म्हणाले, "आत गेल्यावर बराबर सगळं सांगा माय. लपवू नका काही." मग फाइल माझ्या काउंटरवर ठेवून ते एसटी स्टँडकडं गेले.

दुपारी सगळे पेशंट संपल्यावर मी सरांना सांगितलं. तो प्रश्न विचारला नव्हता, हेही सांगितलं. मी विचारलं, "सर, त्या दिवशी आत आणलं असतं तर वाचल्या असत्या?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण मी बघितलं असतं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा काउंटरवर बसले.

नियम अजून आहे. नाही तर पायरीवर पुन्हा विटा येतील. पण आता फोन दिवसभर उचलला जातो, आणि समोर कुणीही आलं की नंबर आहे की नाही हे मी नंतर बघते, आधी झोपेचं विचारते. त्याला अर्धं मिनिट लागतं. मी घड्याळ लावून बघितलं आहे, तेवढंही लागत नाही.