तणमोर होता, पण नोंद नव्हती

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात तणमोर, गवताळ माळावरचा दुर्मीळ पक्षी, पहिल्यांदा नानांना दिसला. नाना म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर. त्यांच्यामुळेच मी पक्षी बघायला लागले. पावसाळ्यात ते मला शिरपूरकडच्या एका माळावर घेऊन गेले. गुडघ्याएवढ्या गवतातून कोंबडीएवढा काळा नर सरळ वर उडी मारायचा आणि पुन्हा गवतात बुडायचा. मादीला दिसावं म्हणून. मी मोबाईल काढला तर नाना म्हणाले, "खिसामा ठेव तो. फोटो गया म्हणजे गाड्या येतीन."

त्यांची भीती खोटी नव्हती. आधी एकदा घुबडाच्या घरट्याचा पत्ता कुणीतरी फिरवला होता. कॅमेरेवाल्यांनी आडवी येणारी झुडपं तोडली, पिल्लं उन्हात उघडी पडली आणि मेली. म्हणून तणमोराबद्दल तोंड बंद ठेवायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. दर पावसाळ्यात जाऊन बघायचं, नोंद कुठेच करायची नाही. आपण त्याला जपतोय, असंच वाटायचं.

मग त्या माळावर सौर प्रकल्प येणार म्हणून गावात बैठक झाली. प्रकल्पासाठी जमिनीची पाहणी करणारा तरुण सभ्य होता. तो उन्हाळ्यात येऊन गेला होता; तेव्हा तणमोर तिथे नसतोच. "पडीक जमीन. दुर्मीळ पक्ष्याची नोंद नाही," त्याने वाचून दाखवलं.

नाना उठले. "मी तणमोर देखेल शे."

"कुठे कळवलं होतं का, आबा? एखादा फोटो?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमना मोर आतेच कसा उना?" प्रकल्प आल्यावरच हा पक्षी कुठून आला, म्हणून लोक हसले.

आता तिथे कुंपण आहे. आत गवत वाढू देत नाहीत. तणमोर पुन्हा दिसलेला नाही.

नव्या मंडळींना मी स्पष्ट सांगते: दुर्मीळ पक्षी दिसला की तारीख, जागा लिहा, लांबून जमेल तसा फोटो घ्या, वनखात्याला कळवा. नेमकी जागा चारचौघांपासून लपवता येते. वनखात्यापासून लपवलीत, तर जमीन मागणाऱ्याला अडवायला हातात काहीच उरत नाही.

नानांनाही म्हटलं, जुन्या नोंदी आता तरी देऊ.

"आते कसाले?"

"दुसरीकडे असं गवत असेल, तिथे कामाला येतील."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. महिना, गवताची उंची, नर किती, मादी दिसली का. जागा विचारली तेव्हा म्हणाले, "ते तू लिख," आणि उठून आत गेले.