रिठ्याचा फेस आणि भाऊजींची सुई

माणसांपेक्षा बुडबुड्यांना जास्त जीव लावणारा प्राणी जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा धाकटा दीर व्हावा! सत्तरच्या दशकाच्या शेवटी भाऊजी नाशकातल्या एका कॉलेजात शिकवायचे. पण घरी मी चहाचं आधण ठेवलं की माझ्याआधी तेच पातेल्यावर ओणवे. "वहिनी, पाणी आटलं की पातेलं करपतं ना? अणुभट्टीत तसं झालं तर सगळा मुलूख करपेल. म्हणून नळीत पाणी किती, वाफ किती, दोन्ही वेगळी कुठे होतात, हे मोजायचं." मी सातवीपर्यंत शिकलेली. मान डोलवायची नि विचारायची, "साखर किती घालू?" एकदा इगतपुरीला भाऊजी वडे आणायला उतरले. तिथे गाडी कशी ऐसपैस थांबते, तरी हे कढईतले बुडबुडे बघत राहिले नि गाडी सुटली! तिकिटं त्यांच्या खिशात, आणि टीसीला बुडबुड्यांचं शास्त्र समजावत मी.

गच्चीवर त्यांनी उभी काचेची नळी बसवली होती. खालून पंपाने पाणी नि हवा सोडायची, मध्ये एक सुई. सुईला पाणी लागलं की दिवा पेटायचा, बुडबुडा लागला की विझायचा. मुंबईच्या प्रयोगशाळेतले साहेब ते बघायला येणार होते. सुई पसंत पडली तर भाऊजींना तिथे जागा. आदल्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, काच चकचकीत कशाने होईल हो?" शास्त्रज्ञ मला विचारतोय म्हटल्यावर काय विचारता! थाटात सांगितलं, "रिठ्याने. माझ्या पैठणीचे काठ बघा."

रिठ्याने नळी धुतली, आणि नीट विसळायच्या आत नळाचं पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर पंप सुरू झाला. नळीत नुसता फेस! तो उतू जाऊन थेट साहेबांच्या बुटांवर, आणि दिवा आपला वेड्यासारखा लुकलुकतोय. मी चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभी. भाऊजी मात्र दिव्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "सुई बरोबर आहे, साहेब. पाणी नि हवा वेगळी होतच नाहीयेत, तेच सांगतेय ती. हा आमच्या वहिनींचा रिठा."

साहेब खो खो हसले. "धुवा आणि पुन्हा दाखवा." स्वयंपाकाच्या पिंपातलं पाणी मीच बादल्या भरभरून वर नेलं. या खेपेला दिवा शहाण्यासारखा वागला, आणि भाऊजी मुंबईला गेले.

अजून चहा टाकते तेव्हा पातेल्यात डोकावते. पाणी कुठे संपलं, वाफ कुठे सुरू झाली, काही उमगत नाही. त्या नादात चहा तेवढा उतू जातो. आणि का कोण जाणे, आधण अजूनही एका कपाने जास्तच पडतं.