मांडणीमागचा वायफाय

अणदूरच्या आमच्या घरमालकीणकाकूंमुळे माझं काम टिकलं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून त्या कुणाला खाष्ट वाटायच्या.

मी कोकणातली, नववीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले. टायपिंग तेवढं येत होतं. सोलापूरच्या एका छापखान्याने घरबसल्या लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून पाठवायचं काम दिलं, पण आठवडाभर बघणार, वेळेवर मजकूर आला नाही तर दुसरी बाई शोधणार, असं बजावूनच.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय पकडता येत नव्हतं. म्हणून नखाएवढा अडॅप्टर आणून त्याच्या पाठीत खोचला. नेट काकूंच्या घरातलं. काकूंनी कौतुकाने कॉम्प्युटरला भंडारा लावला. तरी नेट यायचं नि जायचं.

कारण मला लवकरच उमगलं. आमच्या मधल्या भिंतीला पलीकडून काकूंची मांडणी होती, खालपासून वरपर्यंत स्टीलचे डबे, पातेली, पराती. कॉम्प्युटर दारात ओढला की नेट भरभरून, भिंतीशी नेला की मुकं. आता दारातच ठेवला असता, तर नवऱ्याने घरात यायचं कुठून?

त्या मांडणीला हात लावायची काकूंच्या सुनेचीसुद्धा छाती नव्हती. मी तर भाडेकरू. घाबरून नुसती आडून आडून बोलत राहिले.

"काकू, स्टील किती चकचकीत हो तुमचं!"

"व्हय, चिंचेनं घासते."

"भिंतीवर भार येत असेल, नाही?"

"भिंत काय तुझ्यासारखी हाय व्हय, जरा कुठं झालं की खचायला?"

आठवडा संपत आला आणि छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "बाई, पहिलं पान पोचलं, त्यात नवरी आहे. नवरदेव कुठाय? तासाभरात आला नाही तर राहू द्या."

मी रडकुंडीला आले. काकू दारात उभ्या. काय झालं विचारलं, तशी बोलून गेले, "काकू, नवरदेवाचं पान जात नाही. तुमची भांडी नेट अडवतात."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणून इतके दिस माझ्या भांड्यांचं कौतुक करायलीस? लई लबाड हैस की! मला वाटलं, परात मागायची हाय पोरीला."

आणि पदर खोचला. सुनेला हाक मारली, डबे उतरवून समोरच्या भिंतीला लावायला घेतले. मी मदतीला धावले, तर माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "इथं न्हाय तुझं काम. नवरदेव ताटकळलाय, त्याला आधी लावून दे."

नवरदेव वेळेत पोचला. कामही टिकलं. काकूंना मात्र अजून साखरेचा डबा चटकन सापडत नाही, आणि त्याचा उद्धार माझ्याच नावाने होतो.

त्यांनी समुद्र बघितलेला नाही. एक दिवस माझ्या कमाईतून तिकीट काढून, एसटीत खिडकीची जागा धरून, त्यांना माझ्या माहेरी घेऊन जाणार. नेणार म्हणजे नेणारच.