लाँड्रीवाले हेर आणि आमची सून

मी सातवी-आठवीत असताना टीव्हीवर रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. तिचं नाव आज आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. नवरा-बायको दोघंही सरकारी हेर, आणि जगाला दाखवायला लाँड्री चालवायचे. देशाचे शत्रू शर्ट टाकायला नेमके त्यांच्याकडेच यायचे. बायको हुशार, नवरा भित्रा. पिस्तूल कपड्यांच्या गठ्ठ्यात लपवलेलं असायचं आणि ते हमखास भलत्याच गिऱ्हाइकाच्या घरी पोचायचं. एका अख्ख्या भागात ते दोघं एका म्हाताऱ्या जज्जाच्या धोतरात लपवलेली फिल्म शोधत होते आणि जज्ज काही धोतर धुवायला द्यायला तयार नव्हता. त्या दिवशी आई इतकी हसली की तिच्या हातून कणकेची परात पालथी झाली.

तेव्हा आम्ही याच गुजराती शहरात, प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा वर्कशॉपमध्ये फिटर होते. दोन खोल्या, पातळ भिंती आणि दारात सतत कुणी ना कुणी. मालिकेत धोका दिसला की ती बायको फोनवर ‘इस्त्री गरम है’ म्हणायची. आईनं ते उचललं. बाबा साहेबाला शिव्या घालत असले आणि फाटकाशी कुणी दिसलं, की ती आतून म्हणायची, ‘‘अहो, इस्त्री गरम आहे.’’ बाबा त्याच दमात हवापाण्यावर यायचे. कुणाकडे बसून कंटाळा आला की ‘बटण तुटलं’, म्हणजे उठा आता. कुणी फुशारक्या मारायला लागलं की ‘खळ जास्त झाली’. गंमत म्हणजे आमच्याकडे इस्त्री नव्हतीच. बाबा तांब्यात निखारे घालून तो कपड्यांवरून फिरवायचे. शेजारच्या काकूंना मात्र कायम वाटायचं की यांच्याकडे गरम इस्त्री असते आणि मागितली की नाही म्हणतात. त्या आईशी दोन वर्षं धड बोलल्या नाहीत.

मालिका संपली, क्वार्टर सुटलं. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. शब्द मात्र इतके मुरले की ते कुठून आले हे आमच्या मनातही येईनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून गुजराती. घरात आपण मराठीच बोलणार, असं तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं आणि एक जाडजूड वही आणली. मी आणि मुलगा वाघोडियाला कंपनीत, बायको शाळेत. आम्ही तिघं सकाळीच बाहेर पडायचो. सुनेचं ऑफिस अकराचं, म्हणून शिकवणी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांकडे आली. त्यांनी तिला जी मराठी येत होती ती शिकवली, म्हणजे आईची. त्यात इस्त्री, बटण आणि खळ ओघानंच आली. वहीत तिनं गुजराती लिपीत लिहून ठेवलं होतं, ‘इस्त्री गरम आहे: चूप, कोई सांभळे छे.’ म्हणजे गप्प, कुणीतरी ऐकतंय.

तिचं ऑफिस अलकापुरीत, व्हिसाची कामं करणारं. शेजारच्या टेबलावरची बाई मराठी, मांजलपूरला राहणारी. एक दिवस ही बाई साहेबांची नक्कल करत होती आणि साहेब केबिनमधून निघून तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. आमची सून पुढे वाकली आणि तिच्या कानात म्हणाली, ‘‘बेन, इस्त्री गरम आहे.’’

बाई पांढरीफटक पडली. सकाळी तिनं मुलाचा युनिफॉर्म इस्त्री केला होता. घराला कुलूप, सासूबाई देवळात. तिनं शेजाऱ्यांना फोन केला. शेजारी खिडकीशी गेले तर आतून खरंच धूर येत होता. सासूबाई देवघरात धूप लावून गेल्या होत्या. पण शेजाऱ्यांनी तेवढा विचार केला नाही. पहारीनं कडी उखडली, आत शिरले आणि दोन बादल्या पाणी सोफ्यावर ओतलं. सोफ्यावरच का, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. बाई रिक्षानं पोचली, तेव्हा इस्त्री कपाटात वायर गुंडाळून ठेवलेली होती. थंडगार.

त्याच संध्याकाळी ती बाई, तिचा नवरा आणि सासूबाई आमच्या दारात. मला वाटलं, भांडायला आले असतील. पण नवरा बसला आणि त्यानं आधी आमच्या भिंतीवरचं घड्याळ निरखून पाहिलं.

‘‘काका, स्पष्ट विचारतो,’’ तो मला म्हणाला. ‘‘आमच्या घरात कॅमेरा बसवलाय का?’’

सून पाण्याचे ग्लास घेऊन येत होती, ती जागीच थांबली. ‘‘कॅमेरा? शा माटे? कशासाठी?’’

‘‘मग अलकापुरीत बसून तुम्हाला मांजलपूरची इस्त्री कशी दिसली? मी सगळे पंखे उतरवून पाहिले. गणपतीच्या मागे पाहिलं.’’

‘‘अहो, पण मी इस्त्रीचं काही बोललेच नाही!’’ सून कळवळून म्हणाली. ‘‘मी फक्त म्हटलं, इस्त्री गरम आहे!’’

नवरा बायकोकडे बघायला लागला, बायको माझ्याकडे. सगळा प्रकार त्या क्षणी माझ्या ध्यानात आला आणि तो या माणसाला कसा सांगायचा ते मला कळेना. मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

शेवटी मीच सांगितलं. मालिका, लाँड्री, हेर, आई. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. नवऱ्यानं मोबाइल काढला आणि शोधलं. परत शोधलं. ‘‘नेटवर अशी कुठलीच सिरियल नाही,’’ तो म्हणाला. आता त्याची खात्रीच पटली होती. देशाचे शत्रू आपण शोधून काढलेत, असा चेहरा करून तो खुर्चीच्या काठावर सरकला.

तेवढ्यात त्याच्या आई, म्हणजे त्या आजी, पहिल्यांदा बोलल्या. ‘‘त्यात एक धोतरवाला जज्ज होता का हो?’’

बाबा खाड्कन ताठ बसले. ‘‘होता! सोडायला तयार नव्हता!’’

‘‘आणि तिचा नवरा मांजराला घाबरायचा.’’

‘‘कुत्र्याला.’’

‘‘मांजराला. कुत्रा शत्रूचा होता,’’ आजी म्हणाल्या. ‘‘फार चांगली मालिका. शेवट मात्र वाईट केला. बायको नवऱ्यालाच पकडून देते.’’

‘‘छे, छे! शेवटी दोघं राजीनामा देतात आणि नाशिकला खरीखुरी लाँड्री काढतात.’’

‘‘काहीतरीच! तोच फितूर असतो. भित्रेपणा सगळा सोंग.’’

‘‘त्या माणसाला सोंग करता येत नव्हतं, बाई! मी एकूण एक भाग पाहिलाय!’’

बाबांचा आवाज चढला. आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. माझ्या बायकोनं चहा आणला, चिवडा आणला. पाऊण तास दोघं एकमेकांच्या अंगावर भाग फेकत होते. मोडकी कडी, ओला सोफा कुणाच्या ध्यानीमनी राहिला नाही. नवरा तेवढा अधूनमधून ‘‘आई, कॅमेरा...’’ म्हणायचा आणि आजी त्याला हातानं गप्प करायच्या.

ते गेल्यावर सून वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं. ‘‘पप्पा, दोन वर्षं मला कुणी सांगितलं नाही. यात खरं मराठी किती आहे, सिरियलचं किती आहे?’’

‘‘वाच, मी सांगतो.’’

‘‘बटण तुटलं.’’

‘‘सिरियल.’’

‘‘कानामागून आली आणि तिखट झाली.’’

‘‘ते मराठी.’’

तिनं संशयानं पाहिलं. ‘‘पाचावर धारण बसली.’’

‘‘मराठी.’’

‘‘पाच कोण?’’

मला सांगता येईना. बायकोलाही नाही, आणि ती शाळेत मराठी शिकवते. ‘‘नाकानं कांदे सोलतो,’’ सुनेनं पुढचं वाचलं. तेही मराठीच आहे म्हटल्यावर तिनं वही मिटली. ‘‘नका सांगू. लाँड्रीवाले तरी समजतात,’’ असं म्हणाली आणि हसायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हेही तिच्या वहीत होतंच.

पुढच्या रविवारी बाबांनी कडी बसवून द्यायचं ठरवलं. त्यांच्या हाताला आता कंप आहे, म्हणून मांजलपूरच्या त्या दारात ते खुर्ची टाकून बसले आणि मी त्यांच्या सांगण्यावरून भोकं पाडत होतो. आजी पोहे घेऊन आल्या आणि बाबांच्या शेजारी बसल्या.

‘‘शेवटचा भाग नक्की पाहिलात तुम्ही?’’ त्यांनी विचारलं.

बाबा बराच वेळ स्क्रू निवडत राहिले. ‘‘नाही पाहिला,’’ ते म्हणाले. ‘‘त्या रविवारी आमच्या हिचं ऑपरेशन होतं. पित्ताशयाचं. शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, काय झालं हो शेवटी? मी रात्रंदिवस तिथंच होतो. टीव्ही कुठला? जे सुचलं ते सांगितलं.’’

माझ्या हातातलं ड्रिल थांबलं. हे मला माहीत नव्हतं; त्या दिवसांत मला मामाकडे ठेवलं होतं. नाशिकची ती लाँड्री आई मला कितीतरी वर्षं सांगत आली होती.

‘‘तुमचंच बरं आहे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘मी पाहिला आणि आठवडाभर आमच्या ह्यांच्याकडे संशयानं बघत होते.’’

बाबा हसले आणि मला म्हणाले, ‘‘अरे, थांबलास का? वरचं भोक अर्धं सूत डावीकडे घे.’’ मी घेतलं. कडी बसली, पण दार लागेना. सोफ्यावरून दारापर्यंत वाहत आलेल्या पाण्यानं लाकूड फुगलं होतं. मग रंधा आणायला त्या बाईच्या नवऱ्याला पाठवलं, आणि तो येईपर्यंत पोह्यांची दुसरी बशी आली.